उचलत्या छताचा जुना कॅम्पर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवायचा आहे

संत्राबाग

सर्वांना नमस्कार. मी मोर्शी तालुक्यातील शेतकरी असून संत्र्याची बाग सांभाळतो. एका कामात जाणकारांचा सल्ला हवा असल्यामुळे हा धागा काढत आहे.

माझे सासरे, म्हणजे आमच्याकडे ज्यांना मामाजी म्हणतात ते, मेळघाटात रस्त्यांची कंत्राटे घेत असत. धारणी, हरिसाल, सेमाडोह या भागात महिनोन्महिने मुक्काम पडायचा, म्हणून त्यांनी 1980 च्या दशकात आपल्या मॅटाडोर पिकअपच्या हौद्यावर बसेल अशी एक खोली बांधून घेतली होती. खोलीचे छत प्रवासात खाली बसते आणि मुक्कामाला पोहोचल्यावर हातरहाटाने दोन फूट वर उचलले जाते. छत आणि भिंती यांच्या मधल्या जागेत चारही बाजूंनी कॅनव्हासचा पडदा ताणला जातो. बंद असताना खोलीची उंची साडेचार फूट असते आणि छत उचलल्यावर साडेसहा फूट होते, त्यामुळे उंच माणूसही आत ताठ उभा राहू शकतो. तळ आठ फूट बाय पाच फुटांचा आहे. सांगाडा सागवानाचा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि छत फायबरचे, अशी एकूण बांधणी आहे.

मॅटाडोर केव्हाच भंगारात गेली. खोली मात्र मामाजींनी विकू दिली नाही आणि ती गोठ्यामागच्या शेडमध्ये विटांवर तशीच राहिली. मागच्या वर्षी ते गेले. तेराव्यानंतर मी शेडमध्ये जाऊन रहाटाचा दांडा हातात घेतला, तेव्हा त्याची लाकडी मूठ त्यांच्या पंजाच्या आकारात झिजलेली जाणवली. मी दोन फेरे दिले. छताचा पुढचा डावा कोपरा वीतभर वर आला, उरलेले तीन कोपरे जागचे हलले नाहीत आणि आतल्या कप्पीपाशी तारेचा एक पदर तुटल्याचा आवाज झाला. मी तिथेच थांबलो. ही खोली पुन्हा उभी करायची, असे त्या दिवशी ठरवले.

उपयोग दोन आहेत. पहिला जागलीचा. बागेत रानडुकरे आणि रोही (नीलगायी) येतात, बहार धरलेला असताना रात्र वावरातच काढावी लागते आणि मचाणावर पावसात बसणे आता माझ्याच्याने होत नाही. दुसरा उपयोग बहिरमच्या यात्रेचा. डिसेंबर-जानेवारीत ही यात्रा भरते, तेव्हा आमच्या घराण्याची राहुटी तिथे लागत असे आणि हंडीतल्या मटणाबरोबर रोडगे खायला पन्नास माणसे जमत असत. राहुटी फाटली आणि जाणेही थांबले. ते पुन्हा सुरू व्हावे अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे.

माझ्याकडे दोन चाकांची, नोंदणी झालेली एक जुनी शेती-ट्रॉली पडून आहे. तिचे फाळके काढून त्या जागी ही खोली बसवावी, असा विचार आहे. गावातला वेल्डर म्हणतो की चार कोपऱ्यांना अँगल मारून खोली ट्रॉलीला वेल्ड केली की दोन दिवसांत काम संपेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगताही येत नाही. सुरुवात कुठून करावी?

लोखंडी पाटा

भाऊ, तुम्हाला ते पटले नाही हेच बरे झाले. मी एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे चेसिस आणि स्प्रिंगचे पाटे यांवरच काम केले आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

ही खोली एका स्प्रिंगदार गाडीच्या हौद्यावर बसण्यासाठी बांधली होती. तुमची ट्रॉली तीन-चार टन ऊस, खत किंवा संत्री वाहण्यासाठी बनलेली आहे. तिचे पाटे तेवढ्या भाराखालीच वाकतात, आणि वर पाच-सहाशे किलोंची खोली ठेवली तर ते जवळजवळ वाकणारच नाहीत. मग रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सरळ सागवानाच्या सांध्यांत जाईल. अशा खोल्या पावसाने खराब होतात असे लोकांना वाटते, पण आधी धक्क्यांनी सांधे सैल होतात आणि त्या सैल सांध्यांतून पाणी शिरते. म्हणून रंग, पडदा, दिवे हे सारे बाजूला ठेवा आणि प्रथम वजन करा.

तुमच्या भागात जिनिंगजवळ वजनकाटा असेलच. नुसती ट्रॉली आणि खोलीसह ट्रॉली अशी दोन वजने घ्या. त्यानंतर सपाट जागी, ट्रॉली आडवी समपातळीत ठेवून, पाट्याच्या मधल्या बोल्टपासून चेसिसपर्यंतचे अंतर खोली नसताना आणि खोली असताना मोजा, म्हणजे खोलीने पाटा किती दबतो ते कळेल आणि त्या प्रमाणात एकूण भाराचा दाब काढता येईल. पाटा त्याच्यावरच्या एकूण भाराने एक सेंटीमीटरच दबत असेल, तर वरचा भार सेकंदाला सुमारे पाच वेळा हिसके खातो. चार सेंटीमीटर दबत असेल तर तीच संख्या अडीचवर येते. माणसाला आणि लाकडाला जे मानवते ते यातले दुसरे.

पाटे कमी करता येतात, पण त्याची रीत आहे. सर्वांत लांब मुख्य पाटा आणि त्याला लागून असलेला दुसरा पाटा कधीही काढू नये. खालच्यांपैकी एक सोडून एक काढावा, म्हणजे पाट्यांची उतरती रचना टिकते. मधला बोल्ट आणि यू-बोल्ट नव्या जाडीच्या मापाचे घ्यावेत, कारण जुने लांब बोल्ट वायशर घालून आवळले की हमखास सुटतात. शंभरेक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळावेत. आणि एकदा पाटे काढले की त्या ट्रॉलीत खत-माती भरण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. फळीवर रंगाने वजनाची मर्यादा लिहून ठेवा.

खोली ट्रॉलीला वेल्ड तर मुळीच करू नका. मागचे दोन कोपरे पक्के धरा आणि पुढे मध्यभागी एकच बिजागरीचा टेकू द्या. चेसिसला पीळ बसला तरी तो खोलीपर्यंत पोहोचणार नाही.

वाटसरू_वणी

काकाजींच्या बाकी सर्व सूचना शिरोधार्य मानून एका मुद्द्यावर मी नम्रपणे वेगळे मत मांडतो. बिजागरीचा टेकू चार चाकांच्या ट्रकला किंवा चार चाकांच्या ट्रॉलीला आवश्यक असतो, कारण तिथे जमीन चेसिसला चार ठिकाणी धरून पिळते. दोन चाकांची ट्रॉली मात्र दोन चाके आणि ट्रॅक्टरची पिन अशा तीनच बिंदूंवर उभी असते. तिवई जशी कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तशीच ही ट्रॉली जमिनीमुळे पिळली जात नाही. म्हणून इथे चार कोपऱ्यांना टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताण कमीजास्त करता येणाऱ्या दुव्याने, आवळून बांधणे पुरेसे आहे.

पीळ बसतो तो मुक्कामावर, आणि तो आपणच देतो. चार कोपऱ्यांना टेकूचे जॅक लावून एखादा जास्त उचलला, की खोली तिरपी होते, छताचे खांब आपल्या नळीत अडकतात आणि मग लोक रहाटाला दोष देतात. जॅक जमिनीला टेकेपर्यंतच फिरवावेत. चाकांवरचा भार त्यांनी उचलू नये. आपल्या काळ्या मातीत तर प्रत्येक जॅकखाली फूटभर लांबी-रुंदीची फळी हवीच, नाहीतर एका पावसात एक कोपरा खाली जातो.

खोली आणि लोखंड यांच्या मध्ये कोळसा खाणीतील जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे घालावेत. वणीच्या भंगार बाजारात ते सहज मिळतात. त्यामुळे धक्का थोडा मरतो आणि ॲल्युमिनियमला लोखंड थेट लागत नाही.

लोखंडी पाटा

मुद्दा अगदी बरोबर आहे. माझा हात चार-सहा चाकांवर बसलेला असल्याने तसे लिहिले गेले. भाऊ, तुम्ही बिजागरी करू नका.

नियमवही

कायद्याचे थोडे, कारण यात पुढे अडचण नको. मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलर हेसुद्धा वाहनच आहे आणि त्याला नोंदणी लागते. कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. नवा ट्रेलर घरी बनवायचा तर त्याच्या मंजुरीची वाट फार लांबची आहे. म्हणून खोली वेल्ड न करता, उतरवता येण्याजोगा भार म्हणून बांधणे या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. तरीही काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या आर.टी.ओ. कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, विशेषतः शेतीच्या ट्रॉलीचा यात्रेसाठी उपयोग करण्याबाबत. तोंडी होकारावर एक रुपयाही खर्च करू नका.

आणि हात जोडून विनंती आहे की ट्रॉली चालू असताना खोलीत कुणीही बसू नये, लहान मुले तर नाहीच. मागे लाल दिवे, लाल परावर्तक आणि वळणाचे दिवे चालू स्थितीत असावेत. आपल्या रस्त्यांवर रात्री अंधारात उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉल्यांनी किती घरे उजाड केली आहेत हे सर्वांना ठाऊक आहे.

संत्राबाग

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांत काय झाले ते लिहितो.

आर.टी.ओ.कडे अर्ज दिला आणि उत्तर हातात येईपर्यंत मुख्य रस्त्यावर जायचे नाही असे ठरवले. दरम्यान वजन करून घेतले. फाळके काढलेली ट्रॉली 940 किलो आणि खोली 520 किलो भरली. पाणी, भांडी, अंथरुणे आणि बॅटरी मिळून 180 किलो धरले, म्हणजे एकूण 1640 किलो होतात. खोली ठेवल्यावर पाट्यांचा एकूण दाब जेमतेम 9 मिलिमीटर निघाला. काकाजींच्या हिशेबाने हे पाचापेक्षाही जास्त हिसके झाले.

अकरा पाट्यांपैकी पाच काढले आणि बोल्ट नव्या मापाचे घेतले. आता दाब 17 मिलिमीटर आहे. हे मऊ म्हणता येणार नाही, पण टायरमधली हवा 50 पौंडांवरून 35 वर आणल्यावर पांदण रस्त्याने बागेपर्यंत नेताना आत ठेवलेला पाण्याचा पेला सांडला नाही. आधीच्या फेरीत तो पहिल्याच चाकोरीत उलटला होता.

यानंतर वाईट बातमी. पत्रा उघडल्यावर मागची खालची सागाची पट्टी बोटाने दाबली तरी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी सुटत होती. काही वर्षांपूर्वी मामाजींनी शहरातील एका कार्यशाळेत ही खोली दुरुस्तीला दिली होती. तिथे सगळ्या सांध्यांवर वरून सिलिकॉन थापून रंग मारून दिला होता. पाणी आत शिरतच राहिले आणि बाहेर पडायची वाट मात्र बंद झाली. वरून पाहणाऱ्याला खोली नवी दिसत होती आणि आतून ती कुजत होती. मामाजींनी त्या कामाचे पैसे फार विश्वासाने दिले होते, हे आठवले की वाईट वाटते.

तळाचा प्लायही गेला आहे. सांगाडा, छत आणि सांधे यांबद्दल कुणी मार्गदर्शन करील का? छताच्या फायबरला हातभर लांबीची एक तडाही आहे.

रंधा

दादा, आमच्या घरात तीन पिढ्यांचे सुतारकाम आहे आणि मी स्वतः नागपुरात बसच्या बॉडीवर काम करतो.

टोकदार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि सांगाडा दर चार बोटांवर टोचत चला. टोक जिथे सहज आत जाते तिथे खडूने खूण करा आणि शेवटच्या खुणेच्या पुढे आणखी फूटभर लाकूड काढा. कुजलेल्या लाकडाला नवा तुकडा सरळ टोकाशी टोक लावून जोडू नका. पट्टीच्या जाडीच्या आठपट लांबीचा तिरपा काप घेऊन जोड द्या, म्हणजे सरसाला धरायला पुरेशी जागा मिळते. सागच वापरा, जुन्या घराच्या मोडीतली सागाची कडी मिळाली तर फारच उत्तम, कारण ती आधीच पूर्ण सुकलेली असते.

तळासाठी आय.एस. 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. 12 मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा एक ताव सुमारे 25 किलोंचा असतो, हे वजनाच्या हिशेबात धरा. कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी पाजल्याशिवाय तो बसवू नका. पाणी प्लायमध्ये कडेनेच शिरते.

जुने सिलिकॉन खरवडून पूर्ण काढणे हे सर्वांत किचकट काम आहे आणि तेच टाळले जाते. त्याचा पुसटसा थर राहिला तरी त्यावर रंग धरत नाही, दुसरे सीलंटही धरत नाही आणि नवे सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. सांध्यात पत्र्याखाली ब्यूटाइल पट्टी घाला, स्क्रू आवळल्यावर जी बाहेर येईल ती कापून टाका आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ ओढा. पाणी अडवण्याचे काम सांध्याच्या आत होते. वरचे थर दिलासा तेवढा देतात. तळाला मागच्या बाजूस पाणी निघून जाण्यासाठी दोन बारीक भोके अवश्य ठेवा.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी स्क्रू लावू नका. ओल मिळाली की दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत उतरते. तुमच्या पत्र्यावर जुन्या स्क्रूंच्या भोवती अशी पांढरी वलये नक्कीच दिसत असतील. ॲल्युमिनियमचे रिव्हेट घ्या, आणि जिथे स्टेनलेसचा स्क्रू लागेल तिथे नायलॉनचा वायशर घाला.

छताच्या तडेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही. आतल्या बाजूने घासून, 450 ग्रॅमच्या फायबर मॅटचे दोन थर पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवून बसवा. आपल्याकडच्या वैशाखात हे काम पहाटे पाचला करा आणि हार्डनर एक टक्क्याहून जास्त घालू नका, नाहीतर ब्रश फिरवण्याआधीच डब्यात दगड होईल. एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे. हार्डनर आणि कोबाल्टचे ॲक्सिलरेटर हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावे. बाजारात कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिनही मिळते, तुम्ही तेच घ्या.

छताला वरून पांढराच रंग द्या. रंग कोणता शोभतो हा विचार विदर्भातल्या उन्हात करण्यासारखा नाही.

उभा_धागा

मी अमरावतीजवळ मंडप आणि राहुट्यांचे शिवणकाम करते. पडद्याबद्दल अजून कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

दादा, तुम्हाला कुणीतरी प्लास्टिकच्या ताडपत्रीचा पडदा सुचवील, कारण ती स्वस्त आणि हलकी असते. ती घेऊ नका. तिच्यातून हवा जात नाही, आणि हिवाळ्याच्या रात्री चार माणसांच्या श्वासाची वाफ तिच्यावर आतून जमून पहाटे अंथरुणावर टपकते. सुती कॅनव्हास घ्या, साधारण 400 ग्रॅमचा. नागपूरच्या इतवारीत चांगला मिळतो.

सुती कॅनव्हास ओला झाला की त्याचे तंतू फुगतात आणि विणीतली तसेच सुईने पडलेली भोके आपोआप बुजतात. हा त्याचा मोठा गुण आहे, पण याच गुणामुळे तो आटतोही. म्हणून कापण्यापूर्वी पूर्ण थान भिजवून दोरीवर वाळवायचे, आणि असे तीनदा करायचे. पडदा शिवून झाल्यावर खोलीला लावून, छत पूर्ण वर असताना, त्यावर पुन्हा पाणी मारायचे आणि ताणलेल्या स्थितीतच वाळू द्यायचे. पहिल्या पाण्याला शिवणीतून थेंब झिरपतील, तेव्हा घाबरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस ते थांबतात.

शिवण दुहेरी दुमडीची आणि दोन टिपांची असावी, आणि दुमडीचे तोंड खाली ठेवावे म्हणजे वरून ओघळणारे पाणी तिच्यात साचत नाही. मापात उंचीला तीन इंच जास्त ठेवा. पडदा तंग झाला तर छताचा सगळा ओढा कॅनव्हासवर येतो आणि कोपऱ्यातून तो फाटतो. छताचा भार खांबांनीच पेलायला हवा. खिडक्यांना आतून मच्छरदाणीची जाळी आणि बाहेरून गुंडाळता येणारे झाकण द्या. आणि ओला पडदा घडी करून छत खाली बसवले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळे ठिपके दिसू लागतात व ते मग निघत नाहीत. पावसात आवरावेच लागले तर घरी पोहोचताच छत पुन्हा उचलून ठेवा.

संत्राबाग

ताई, पडदा तुमच्या सांगण्याप्रमाणेच केला. तिसऱ्या भिजवणीनंतर थान लांबीला जवळजवळ हातभर आटले. आधी शिवले असते तर सर्व वाया गेले असते.

सांगाडा, तळ आणि छत मृगाच्या आधी पूर्ण झाले. त्यानंतर उचलण्याची यंत्रणा हाती घेतली. चार कोपऱ्यांत चौकोनी नळीतून सरकणारे खांब आहेत. प्रत्येक खांबाच्या तळाशी एक तार अडकवलेली असून त्या चारही तारा कप्प्यांवरून फिरून पुढच्या एकाच रहाटावर येतात. रहाट फिरला की चारही खांब बरोबरीने वर सरकतात. एका नळीत गांधीलमाशीचे मातीचे घर होते, दुसऱ्यात जुने ग्रीस डांबरासारखे घट्ट झाले होते. छत 85 किलोंचे आहे, म्हणजे एका तारेवर येणारा भार पंचवीस किलोंच्याही आतला आहे. एवढ्याशा भाराने चार मिलिमीटरची तार का तुटावी, हे मला कळत नव्हते. तारेवरून चिंधी फिरवली तेव्हा कप्प्यांच्या जागीच तुटलेले पदर सुईसारखे टोचत होते, इतरत्र नाही.

लोखंडी पाटा

कप्पीचा व्यास मोजून कळवा.

संत्राबाग

काकाजी, 30 मिलिमीटर.

लोखंडी पाटा

मग कारण तेच आहे. तारेच्या जाडीच्या निदान सोळापट व्यासाची कप्पी हवी, वीसपट असेल तर उत्तम. चार मिलिमीटरच्या तारेला 64 ते 80 मिलिमीटर व्यास लागतो. लहान कप्पीवर तार दर वेळी करकचून वाकते आणि भार कितीही कमी असला तरी पदर एकेक करून तुटतात. जागा असेल तर कप्प्या 70 मिलिमीटरच्या बसवा आणि तार बारीक पदरांची, लवचीक, जस्त चढवलेली घ्या. नळीत ग्रीस भरू नका, धूळ धरून ठेवते. सुके मेण किंवा सिलिकॉन फवारा वापरा. रहाट ब्रेकचा घ्या, ज्याचा दांडा सोडला तरी छत खाली येत नाही. तरीही चारही खांबांना छेद देऊन आडव्या खिळी बसवल्याखेरीज कुणीही छताखाली शिरायचे नाही.

संत्राबाग

सर्व तसेच केले. चारही खांब 70 मिलिमीटरच्या कप्प्यांवर आहेत, आणि प्रत्येक तारेला शेवटी छोटे टर्नबकल लावून तिची लांबी कमीजास्त करण्याची सोय ठेवली आहे.

आता पिनवरच्या भाराचा प्रश्न आहे. ट्रॅक्टरच्या पिनवर ट्रॉलीचा किती भार असावा आणि तो मोजावा कसा?

वाटसरू_वणी

एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. त्याहून कमी झाला तर ट्रॉली मागून शेपूट हलवल्यासारखी झुलते आणि चढावर पिन वर उचलून ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांची पकड कमी करते. फार जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

घरातल्या वजनाच्या काट्यावर एवढा भार थेट ठेवता येत नाही, म्हणून एक मजबूत फळी घ्या. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवा. दोन्ही टेकूंमध्ये बरोबर चार फूट अंतर हवे. नुसत्या फळीचे वजन काट्यावर जितके दिसेल तितके टिपून ठेवा. नंतर ट्रॉलीची चाके दगडांनी पक्की अडवून, तिचा दांडा विटेपासून एक फुटावर फळीवर टेकवा. काट्यावरील आकड्यातून फळीचा आकडा वजा करून उरलेल्याला चारने गुणा. तोच पिनवरचा भार.

संत्राबाग

फळीच्या रीतीने मोजले. पहिल्या वेळी काट्यावर 22 किलो उरले, म्हणजे भार 88 किलो. 1640 च्या मानाने हे साडेपाच टक्क्यांच्या आत आहे. चूक माझीच होती, कारण दारापाशी सोयीची म्हणून 80 लिटर पाण्याची टाकी अगदी मागे ठेवली होती, आणि 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो. टाकी आता एक्सलच्या किंचित पुढे तळाशी घेतली, पूर्ण खोली अर्धा फूट पुढे सरकवली आणि मागच्या कपाटातली बॅटरी व हत्यारांची पेटी पुढे दांड्यावर नेली. आता काट्यावर 42 उरतात, म्हणजे भार 168 किलो झाला.

सेमाडोहची_वाट

मी हा धागा सुरुवातीपासून वाचत आहे. स्वयंपाकाविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. आत गॅसची लहान शेगडी वापरणार असाल तर तळालगत एक कायम उघडी जाळी ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीशी साचतो, वरच्या खिडक्यांतून तो निघत नाही. सिलिंडर शक्य तर बाहेरच ठेवा.

संत्राबाग

जाळी केली आणि सिलिंडरसाठी दांड्यावर वेगळी पेटीही केली.

आर.टी.ओ.चे लेखी उत्तर मिळाले, त्यातल्या अटी पूर्ण केल्या आणि डिसेंबरअखेर बहिरमला जाऊन आलो. सुमारे तीन तास लागले. माणसे जीपमधून पुढे गेली आणि खोली रिकामीच ट्रॅक्टरमागे नेली. पोहोचल्यावर फळ्या मांडून जॅक टेकवले आणि माझ्या मुलीने रहाट फिरवला. मूठ जुनीच ठेवली आहे. छत वर गेले, खिळी बसल्या आणि पांढरा पडदा ताणला गेला, तेव्हा सासूबाई खुर्चीवर बसून एकटक पाहत होत्या. त्या रात्री त्या आतच झोपल्या. बाहेर गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जात होते, त्याचा धूर मात्र जाळीतून आत येत राहिला, म्हणून पुढच्या वेळी वारा पाहून खोली उभी करावी लागेल.

घरी आल्यावर तपासणी केली. यू-बोल्टचे नट पाव फेरा आवळले गेले. तळ कोरडा आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यात छत किंचित खाली राहते, एवढा एकच दोष उरला आहे. तो खांब नळीत अडकत तर नसेल?

लोखंडी पाटा

खांब अडकत असता तर छत उतरवतानाही तोच कोपरा मागे राहिला असता. नवी तार पहिल्या काही उचलींत ताणून थोडी लांबते, आणि तुमची त्या कोपऱ्याची तार सर्वांत लांब असणार. छत पूर्ण खाली बसवून तार सैल करा, त्या टर्नबकलला दीड फेरा द्या आणि पुन्हा उचलून चारही कोपरे पट्टीने मोजा. महिनाभराने एकदा पुन्हा पाहा.

संत्राबाग

दीड फेऱ्याने थोडे कमी पडले, दोन फेरे द्यावे लागले. आता चारही कोपरे सारखे आहेत.